सीताफळांतील बियांचा हिशेब

बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगररांगेवर लिंबागणेश हें गांव आहे. भालचंद्र गणपतीच्या स्थानामुळें गणेशभक्तांस तें परिचित आहे. या डोंगराळ टापूची दुसरी ओळख म्हणजे सीताफळ. मूळचें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील हें झाड येथील उथळ, मुरमाड जमिनींत आणि बेताच्या पावसावर उत्तम पोसलें. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें.

सीताफळ खातांना बियांचा अनेकांस कंटाळा येतो. परंतु त्या प्रत्येक बीमागें एकेक परागकण आहे. जितक्या बिया, तितक्या परागकणांचें कार्य सिद्धीस गेलें, असा हा सरळ हिशेब आहे.

सीताफळाचें फूल हिरवट-पिवळें, जाड पाकळ्यांचें व खालीं लोंबणारें असतें. त्याच्या मध्यभागीं अनेक स्त्रीकेसरांचा झुबका व सभोंवतीं पुष्कळ पुंकेसर असतात. प्रत्येक स्त्रीकेसराच्या पोटांत एकच बीजांड असतें. त्याच्या टोकावर, म्हणजे कुक्षीवर, परागकण पडला कीं तो तेथें रुजतो. त्यांतून निघालेली सूक्ष्म नलिका दोन पुंबीजें बीजांडापर्यंत नेते. एकाच्या संयोगानें गर्भ होतो. दुसऱ्याच्या संयोगानें त्या गर्भास लागणारें अन्न तयार होतें. बी वाढूं लागली म्हणजे भोंवतालचा भागही मांसल होतो आणि असे अनेक स्त्रीकेसर एकमेकांस चिकटून फळ बनतें. फळावरील डोळे ही त्यांचीच खूण.

परागाशिवाय बी धरत नाहीं, हें जर्मन शास्त्रज्ञ कामेरारियस यानें १६९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं दाखविलें. एरंडाचीं नरफुलें उमलण्यापूर्वींच त्यानें खुडून टाकलीं. झाडावर धड बी धरली नाहीं.

सीताफळाच्या फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर शेजारींच असतात. मग अडचण ती कोणती? अडचण वेळेची आहे. कुक्षी ओलसर व पराग घेण्यास योग्य असते, तेव्हां त्याच फुलांतील परागकोश मिटलेले असतात; ते फुटेपर्यंत कुक्षी बहुधा सुकून गेलेली असते. म्हणून पराग दुसऱ्या फुलांतून यावा लागतो. पाकळ्यांमधील फट अरुंद असल्यामुळें वाऱ्याचा वा मधमाशीचा येथें फारसा उपयोग होत नाहीं. फुलाच्या वासानें ओढले जाऊन आंत शिरतात ते तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे भुंगेरे. पराग सुटेपर्यंत ते आंतच राहतात, अंगावर तो घेऊन बाहेर पडतात आणि नुकत्याच उमलूं लागलेल्या दुसऱ्या फुलांत जातात.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत कुक्षी लवकर वाळते व बहुसंख्य फुलें गळून जातात. मृगाचा पाऊस पडून हवेंत दमटपणा आला म्हणजे फळें अधिक धरतात. फुलाच्या एका बाजूच्या स्त्रीकेसरांस पराग मिळाला नाहीं, तर ती बाजू खुरटते आणि फळ वांकडें होतें. बाजारांत अशा फळास भाव कमी येतो. म्हणजे भुंगेऱ्याची न झालेली फेरी शेतकऱ्याच्या पदरांतून वजा होते.

यावर माणसानें उपाय शोधला आहे. पराग सुटलेल्या फुलांतील पराग गोळा करून मऊ कुंचल्यानें तो नव्या फुलांच्या कुक्षींवर सर्व बाजूंनीं लावतात. त्यायोगें फळें अधिक व सुडौल धरतात. तथापि हें काम एकेका फुलापाशीं उभें राहून करावें लागतें. डोंगरभर पसरलेल्या झाडांस तें पुरें पडणार नाहीं. तेथें भुंगेऱ्यांवरच भिस्त ठेवली पाहिजे. फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशकांची सरसकट फवारणी केल्यास किडीबरोबर हे भुंगेरेही मरतात. ती टाळणें हें शेतकऱ्याच्या हिताचें आहे, आणि दिवाळीच्या सुमारास सीताफळाची वाट पाहणाऱ्या शहरांतील घरांच्याही.