लीडनहॉल स्ट्रीटवरचे रंगो बापूजी

लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर आज लॉइड्सची इमारत आहे, तिथे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती. साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते यांनी चौदा वर्षं त्या कचेरीचे उंबरठे झिजवले. आपण त्यांना सत्तावनच्या बंडवाल्यांत बसवतो आणि ही चौदा वर्षं एका ओळीत उरकतो. मला या वर्षांबद्दलच बोलायचं आहे.

सप्टेंबर १८३९ मध्ये कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना गादीवरून काढलं. आरोप काय, तर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान आणि कंपनीच्या शिपायांना फितवणं. छत्रपतींनी उघड चौकशी मागितली, ती मिळाली नाही. त्यांचे वकील, म्हणजे मुखत्यार, म्हणून रंगो बापूजी विलायतेला आले. हाती भांडवल एकच, कंपनीने स्वतः छत्रपतींशी केलेला १८१९ चा तह. त्यावर बोट ठेवून ते अर्ज करत राहिले, पत्रकं छापत राहिले. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम यांनी प्रकरण लावून धरलं. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत छत्रपतींची बाजू घेऊन जनरल लॉडविक उभे राहिले. हे लॉडविक साताऱ्याचे माजी रेसिडेंट. १८३६ मध्ये छत्रपतींविरुद्ध चौकशी करणाऱ्या तिघांपैकी एक! चौकशीला बसलेल्या माणसाच्याच तोंडून आपली बाजू भर सभेत यावी, याहून वजनदार साक्ष कोणत्या वकिलाला मिळते?

१८४७ मध्ये छत्रपती काशीला वारले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. धनी गेला, राज्य गेलं, डोक्यावर कर्ज चढलं, तरी रंगो बापूजी आणखी पाच वर्षं इथे पाय रोवून होते. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. कायद्याचा एकेक दरवाजा त्यांनी स्वतः ठोठावून पाहिला होता, म्हणूनच १८५३ च्या अखेरीस परत निघालेला माणूस साताऱ्यात उठावाच्या तयारीला लागला. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फासावर, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, पण काम संपलेलं नाही. कंपनीचं दप्तर तुमच्या शहरात, ब्रिटिश लायब्ररीत आहे. तुमच्या मंडळाने दोन-चार तरुणांना तिथे बसवावं. साताऱ्याकडची मोडी कागदपत्रं वाचून त्याच्याशी ताडून पाहायला मी तयार आहे.