गोड पाणी चांगलंच असतं का?
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील बोलणे)

मागच्या बैठकीत एका ताईनं विचारलं होतं, "पाण्यानं कॅन्सर होतो का हो?" तेव्हा मी म्हणाले, विचारून सांगते. आज सांगते.

होऊ शकतो. पण कोणत्याही पाण्यानं नाही. पाण्यात आर्सेनिक असलं आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो. आर्सेनिक म्हणजे जुन्या माणसांचा सोमल. तो कारखान्यातूनच येतो असं नाही, जमिनीखालच्या खडकातून, गाळातून पाण्यात उतरतो. रंग नाही, वास नाही, चव नाही.

बंगालात हेच झालं. तळ्याच्या पाण्यानं लेकरं जुलाबानं जायची, म्हणून गावोगाव हातपंप बसवले. पाणी नितळ आलं. १९८३ च्या सुमारास कोलकात्याचे डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर ठिपके आणि तळहात खरबरीत झालेले खेड्यातले रोगी आले, तेव्हा कळलं की दोष हातपंपाच्या पाण्यात आहे. पुढं शेजारच्या बांगलादेशात वाईट पंपाला लाल आणि चांगल्याला हिरवा रंग दिला. एकाच वस्तीत एक लाल, शेजारचा हिरवा! आपल्या गडचिरोलीला लागून छत्तीसगडात कौडीकसा गाव आहे, तिथंही आर्सेनिक सापडलंय.

परभणीत बंगालसारखी स्थिती नाही, उगीच घाबरू नका. आपल्या बोअरला जास्त त्रास नायट्रेटचा. युरिया, उकिरडा, संडासाचा खड्डा, सगळं झिरपून खाली जातं. काही भागांत फ्लोराइडही असतं, त्यानं दातांवर डाग पडतात, हाडं दुखतात.

माझ्याच घरचं सांगते. आमच्या बोअरचं पाणी गोड, सगळी गल्ली न्यायची. तपासलं तर नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर. एका लिटरमागं ४५ ही मर्यादा आहे. सासूबाई म्हणाल्या, "तीस वर्षं पितोय, काय झालं आम्हाला?" मी म्हणाले, आई, आता घरात वरच्या दुधावरचं तान्हं आहे. असं पाणी गेलं तर बाळ निळं पडू शकतं. तेव्हा कुठं ऐकलं. आता ते पाणी धुण्या-भांड्याला.

आणि उकळून काही होत नाही बरं. उकळल्यानं, टीसीएलनं जंतू मरतात. आर्सेनिक, नायट्रेट तसंच राहतं, पाणी आटलं तर उलट वाढतं. ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालं म्हणूनही निश्चिंत राहू नका, ते मुख्यतः स्वच्छतेचं असतं.

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणीचं किट शिकवतात. त्यात आपल्या गटातल्या कोण आहेत, ते आज लिहून द्या. पण किटमध्ये आर्सेनिकची चाचणी असेलच असं नाही. म्हणून जलसुरक्षकाला सांगून नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि "आर्सेनिकही बघा" असं लिहूनच द्या. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

नमुना घेताना हापसा आधी चांगला हापसून साठलेलं पाणी जाऊ द्या. मग स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं विसळून भरा, आणि कोणत्या बोअरची ते वर लिहा. मागं एका गावाच्या चार बाटल्या नाव न लिहिताच गेल्या होत्या, कुठली कुणाची ते कळेचना.