मतपेटीच्या वाटेवर



मागच्या बैठकीत एकीनं विचारलं होतं, अमेरिकेत मतदारांना धमकावतात म्हणजे नक्की काय करतात? मतपेट्या पळवतात का? तसं नाही. तिथली धमकी बहुतेकदा कागद, गणवेश आणि नोकरी यांच्या आडून येते.

फॅनी लू हेमरचंच घ्या. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणारी ही काळी बाई. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा जणांच्या गटातून बसनं इंडियानोला गावी गेली, मतदार म्हणून नाव नोंदवायला. तिथं राज्यघटनेतलं एक कलम समजावून सांगायची परीक्षा! परतताना पोलिसांनी बस अडवून दंड केला. कारण काय, तर बसचा रंग चुकीचा आहे. घरी आली तर मालकाचं फर्मान तयार: अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षं तिथं खपलेल्या हेमरबाईंनी त्याच रात्री घर सोडलं. पुढच्या वर्षी वायनोनाच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की ते दुखणं जन्मभर पुरलं.

कायदा नव्हता असं नाही. १९५७ चा होता. पण धमकी मतदानात अडथळा आणण्यासाठीच दिली, हे त्यात सिद्ध करावं लागे. मालक म्हणणार, कामावरून काढलं ते वेगळ्याच कारणानं. मनातला हेतू सिद्ध करायचा कसा? (हुंड्याच्या केसेस लढवलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.) १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या ११(ब) कलमातून हेतूचे ते शब्द वगळले.

तरी वाद संपले नाहीत. १९८१ साली न्यू जर्सीत रिपब्लिकन पक्षानं काळ्या आणि लॅटिनो वस्त्यांतल्या केंद्रांवर, ड्यूटीवर नसलेल्या पोलिसांना दंडाला पट्टे बांधून उभं केलं. डेमोक्रॅटिक पक्ष कोर्टात गेला, १९८२ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि तो तीन दशकांहून अधिक काळ टिकला. आता तो उठलेला आहे.

२०२२ मध्ये ॲरिझोनात मतपत्रिका टाकायच्या पेट्यांजवळ मुखवटे लावलेली, हत्यारी माणसं पहारा करू लागली. निवृत्तांच्या एका संघटनेच्या अर्जावर न्यायाधीशांनी मनाई द्यायला नकार दिला: नुसतं जमणं, पाहणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येतं म्हणून. चारच दिवसांनी, लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या दाव्यात, त्याच न्यायाधीशांनी हुकूम दिला: पेटीपासून ७५ फुटांच्या आत यायचं नाही, २५० फुटांच्या आत हत्यार मिरवायचं नाही. ही लीग १९२० सालची, मताधिकारासाठी लढलेल्या बायकांनी काढलेली. मला या निकालातलं अंतर मोजणं फार आवडलं. भीतीला फूटपट्टी लावली!

हल्ली मत मोजणाऱ्या बायकांनाही सोडत नाहीत. जॉर्जियात रूबी फ्रीमन आणि त्यांची लेक शे मॉस या दोघी २०२० च्या मतमोजणीत होत्या. आईनं लेकीच्या हाती काही दिलं, ते चित्रफितीत दिसलं. ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी बोभाटा केला की ती मतं फिरवायची यूएसबी होती. होती आल्याची गोळी! मग धमक्यांचा पाऊस. एफ.बी.आय.च्या सल्ल्यानं आईला दोन महिने घर सोडून राहावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीनं १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई ठरवली, जुलियानींनी दिवाळं जाहीर केलं, २०२५ मध्ये तडजोड झाली.

निवडणुकीचं काम दोघींनीही सोडलं आहे.