शोधातील विनय



पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे काय, याचे निश्चित उत्तर विज्ञानाला अद्याप मिळालेले नाही. ते शोधण्यासाठी एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक महाकाय फुगा आकाशात सोडण्यात आला. इस्रोच्या या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते डॉ. जयंत नारळीकर. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा झाले. हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांना त्यांत जीवाणूंच्या ३ नव्या प्रजाती आढळल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचे नाव देण्यात आले. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येतात, असे हॉयल यांचे मत होते. ते सिद्ध झाल्याची घोषणा करण्याचा मोह शिष्याला सहज झाला असता. परंतु २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा एवढेच सांगण्यात आले, की या जीवांचे मूळ पृथ्वीबाहेर असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही. मात्र शोध पुढे नेण्यास उत्तेजन मिळते.

जैन दर्शनातील स्याद्वादाचे मर्म हेच आहे. ‘स्यात्’ म्हणजे संशय नव्हे. ज्या अपेक्षेने जितके जाणले, तितकेच सांगण्याचा तो वाणीसंयम होय. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे देहावसान झाले. प्रश्न अजून खुला आहे. उत्तराची घाई न करता तो विचारीत राहणे, हाही स्वाध्यायच होय.

जय जिनेन्द्र!