मुले सांभाळल्याचा दाखला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषय शोधीत बसावे लागले नाही. गेल्या हंगामात आपल्या पाळणाघरात आलेल्या मुलीची हकीकत तुमच्यापैकी पुष्कळजणींना अर्धीमुर्धी ठाऊक आहे. ती आज पुरी सांगते.

माझ्या भाचीची मुलगी नागपूरला कॉलेजात शिकते. दिवाळीनंतर एके दिवशी ती वडनेरला आली आणि चहा होण्याच्या आधीच म्हणाली, "मावशीआजी, मंडळाच्या कागदावर एक दाखला पाहिजे. मी तुमच्या पाळणाघरात सहा महिने काम केले, असा." या मुलीने आपल्या पाळणाघराचा उंबरठाही तोवर ओलांडलेला नव्हता!

दाखला कशासाठी, ते ऐकून मला नवल वाटले. अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना रानात, तळ्याकाठी शिबिराला पाठविण्याची चाल जुनी आहे. १८६१ साली कनेक्टिकट राज्यातल्या एका शाळामास्तराने आपल्या विद्यार्थ्यांना असे मुक्कामाला नेले होते, तेथून ती सुरू झाली असे मानतात. मुले काही आठवडे आईबापांवाचून राहतात आणि त्यांना सांभाळावयास तरुण माणसे नेमतात. त्यांत परदेशची मुलेमुलीही असतात. त्यांना जे-१ नावाचा व्हिसा मिळतो; वय निदान १८ पाहिजे, इंग्रजी बरे पाहिजे, आणि मुक्काम फार तर ४ महिन्यांचा. परंतु अर्ज कित्येक महिने आधी करावयाचा, मुलाखत द्यावयाची आणि पूर्वी मुले सांभाळली आहेत हे दाखवावयाचे. त्यासाठी ओळखीच्या माणसाचे पत्र लागते, नातेवाइकाचे चालत नाही.

मी तिला सरळ सांगितले, "खोटे लिहावयाचे नाही. कापूस वेचणीचे दिवस आहेत, बायका सकाळीच शेतावर जातात आणि पाळणाघरात मुले मावत नाहीत. सुटीभर राहा, पुढे दर शनिवार-रविवार ये. मग जे झाले असेल ते सेक्रेटरीबाई लिहितील." ती रुसली. भाचीचाही फोन आला, "एका कागदाने तुमचे काय जाते?" घरात दोन दिवस अबोला होता, हे लपवीत नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी आपणहून पाळणाघरात आली.

पहिला आठवडा तिने मुलांना गाणी शिकविण्यात घालविला. मुलांना नाक पुसून हवे होते, चड्डी बदलून हवी होती, आणि भांडण झाले की कोणाच्या तरी मांडीवर बसावयाचे होते. गाणे त्यानंतर. हे मी तिला सांगितले नाही; मुलांनीच सांगितले.

आता मुख्य गोष्ट. एका दुपारी मी खिचडीच्या भांड्याशी होते आणि मुले तिच्याकडे होती. एक चार वर्षांचा मुलगा दिसेना. आपल्या गावाजवळून हमरस्ता जातो, हैदराबादकडचे ट्रक रात्रंदिवस धावतात. माझे तर हातपायच गळाले. तेवढ्यात त्याची आई शेतावरून आली आणि दारातूनच तिने विचारले, "माह्या पोराले पाह्यलं का?" त्या मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. अर्ध्या तासाने तो शेजारच्या पडवीत कापसाच्या ढिगात गाढ झोपलेला सापडला. आईने त्याला उचलले, एक अक्षरही न बोलता ती निघून गेली आणि पुढे दोन दिवस तिने त्याला पाठविले नाही. चूक एकट्या मुलीची नव्हती. इतकी मुले एका नवख्या मुलीच्या हवाली करून मी चुलीशी बसले, ही माझी चूक.

त्यानंतर आम्ही दर अर्ध्या तासाने डोकी मोजू लागलो आणि मुलांच्या जोड्या लावल्या. पुढे तिनेच मला सांगितले की, तिकडच्या शिबिरांत मुले पोहावयास उतरतात तेव्हा अशाच जोड्या लावतात. शिट्टी वाजली की जोडीने हात धरून वर करावयाचे आणि मोजणी द्यावयाची.

येथे एक आठवण द्यावीशी वाटते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली. आपल्या पाळणाघराच्या वेळा वेचणीच्या वेळांप्रमाणे असाव्यात, हा माझा आग्रह तेथूनच आला आहे. काहीजणींना तो अजून पटलेला नाही!

परंतु शिबिराला येणारी मुले आपल्या बाळांहून मोठी असतात, आणि ती रात्रीही तेथेच असतात. घरच्या आठवणीने रडणारे आठ वर्षांचे मूल रात्री दोन वाजता कसे समजवावे, हे दिवसाच्या पाळणाघरात कळत नाही. म्हणून तिने संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलींना लगोरी आणि लेझीम शिकविले, आणि नाताळात शाळेच्या गाईड मुलींबरोबर तीन रात्रींच्या मुक्कामाला गेली. परत आली ती डोळे लाल करून. "मावशीआजी, झोपलेच नाही," म्हणाली.

जानेवारीत सेक्रेटरीबाईंनी पत्र लिहिले. किती दिवस काम केले, किती मुले होती, सारे खरे. मूल हरवल्याचेही लिहावयाचे का, यावर आमच्या दोघींचा वाद झाला. मुलगीच म्हणाली, लिहा. एका शिबिराकडून नकार आला. दुसऱ्या शिबिराच्या मुलाखतीत तिला नेमके तेच विचारले, त्या दिवशी काय घडले आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही काय बदलले. ती पाऊण तास बोलत होती. जूनमध्ये ती गेली.

तेथून तिचा एकच लांब फोन आला. पहिल्या प्रश्नाला मी विचारात पडले. तिने तिकडची हकीकत न सांगता त्या कापसात झोपलेल्या मुलाची चौकशी केली. तो आता पहिलीत जातो.

यंदा वेचणी सुरू होण्यापूर्वी पाळणाघराला आणखी दोघीजणी हव्या आहेत. कॉलेजातल्या मुली असल्या तरी चालतील. नावे सेक्रेटरीबाईंकडे द्यावीत; दाखला मात्र काम झाल्यावर मिळेल.