गजकर्ण लपवू नका, ट्यूब वाचा

(वर्षावासात एकलहरे येथील विहारात केलेले भाषण)



आम्ही काही डॉक्टर नाही. उभी हयात मिलमध्ये गेली. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढं जे वाचलं ते पाळीवरून घरी आल्यावर वाचलं. आजचा विषय ऐकून काहीजण हसतील. विषय आहे गजकर्ण, म्हणजे आपला नायटा. घरोघरी लोक खाजवून बेजार आहेत, पण बोलत कोणी नाही.

आधी आमचीच चूक सांगतो. मिलमध्ये धागा तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवतात. आठ तास घामानं भिजायचं. एका पावसाळ्यात जांघेत गजकर्ण उठलं. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज बंद! आम्हाला वाटलं, रामबाण औषध मिळालं. तीच ट्यूब घरात सगळ्यांना दिली. महिन्याभरानं गजकर्ण दुप्पट होऊन परत आलं. कातडी पातळ पडून पांढरट रेघा उमटल्या, त्या आजही आहेत. सूनबाईलाही लागण झाली होती. ती लाजेनं चार महिने बोलली नाही. तिला विचारूनच हे सांगतो आहोत. दुसऱ्याला शहाणपण शिकवणारे आम्ही, आणि आमच्याच घरात ही गत!

सरकारी दवाखान्यात चट्ट्याचा खवला खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा उलगडा झाला. ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड होतं. बुरशीचं औषध बुरशीच्या पेशीचं आवरण मोडतं. स्टिरॉइड नुसती लाली आणि खाज दाबतं, वर कातडीची प्रतिकारशक्तीही कमी करतं. म्हणजे चोर घरात तसाच, आणि राखणदाराला मात्र झोपवलं.

मंडळी, बुरशीवरची औषधं सहज मिळालेली नाहीत. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथं डॉ. थिरुमलाचार यांच्या पथकानं मातीतल्या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध शोधलं. त्या जंतूच्या शास्त्रीय नावातसुद्धा पिंपरी आहे! अशी औषधं आपण अर्धवट वापरून वाया घालवायची काय? आज आपल्या देशात गजकर्णाची एक हट्टी जात पसरली आहे. २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं नाव दिलं, त्यात इंडियाचं नाव आहे. टर्बिनाफिनसारखं चांगलं औषधही तिच्यावर अनेकदा चालत नाही.

२०२१ चा काळ आठवा. करोनातून उठलेल्या माणसांना काळ्या बुरशीनं गाठलं. अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. ती बुरशी वेगळी, गजकर्णातून ती होत नाही. पण वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा अतिरेक यांनीच तिला वाट करून दिली. स्टिरॉइड वाईट नाही, त्यानं जीवही वाचतात. ते डॉक्टरच्या हातात हवं, एवढंच. २०१८ साली सरकारनं लावायची स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण कायदा कागदावर राहतो की गल्लीत येतो, हे आपल्यावर आहे.

आता लाजेबद्दल. अंगावर चट्टा दिसला की लोक घाणेरडा म्हणतात, लांब बसतात. लांब बसवणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खू बेलट्ठसीस यांची हकीकत आहे. त्यांच्या अंगावरच्या फोडांमुळे चीवर अंगाला चिकटायचं. तथागतांनी त्यांना दूर केलं नाही. खाज-फोड असलेल्या भिक्खूंना त्यावर वेगळं वस्त्र वापरायची परवानगी दिली. संघात हा विषय उघड बोलला गेला, मग आपण का लपवावा?

तेव्हा एवढं करा. टॉवेल, कपडे एकमेकांचे वापरू नका. आजारी माणसाचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा. पोरांचा ओला करदोडा काढून टाका. आंघोळीनंतर जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. घरात ज्याला-ज्याला आहे त्या सगळ्यांचा इलाज एकदमच करा. खाज थांबली म्हणून औषध सोडू नका. डॉक्टर म्हणतील तितके आठवडे घ्या. गोळ्या सुरू करताना कावीळ, गरोदरपण, दारू, हृदयाचा त्रास, चालू असलेली औषधं, सगळं सांगा.

शेवटची विनंती. येत्या रविवारी वंदनेनंतर घरातली ट्यूब विहारात घेऊन या. बारीक अक्षरं आपली शिकलेली मुलं वाचून दाखवतील. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं नाव निघालं, तर ती गजकर्णाला लावणं थांबवा आणि कातडीच्या डॉक्टरकडे चला. एकट्याला लाज वाटत असेल तर आम्ही बरोबर येऊ.

जयभीम! नमो बुद्धाय!