ऐंशी रुपयांचा हिशेब

(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंदिराचे काम देणगीवर उभे राहते, आणि ते तसेच उभे राहावे. धंद्याचे मात्र तसे नाही. गावातल्या एखाद्या तरुणाने काही काढायचे म्हटले की पहिला प्रश्न निघतो, पैसे कोण देणार? तेवढ्यावरच कित्येक चांगले बेत बसतात. म्हणून मुंबईतल्याच एका उद्योगाची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकी एक. शिक्षण बेताचे, पण पापडावर हात बसलेला. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून उसने आणलेले. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. चार पाकिटे! मे महिन्यात या गावातल्या कोणत्याही घरी याहून अधिक फणसाचे पापड होतात. फरक इतकाच की ते चाकरमान्यांच्या पिशव्यांतून फुकट मुंबईला जातात आणि त्यांची नोंद कोठे होत नाही.

या भगिनींनी दोन गोष्टी प्रथमपासून धरल्या. तोटा आला तरी देणगीसाठी कोणापुढे हात पसरायचा नाही, ही एक. दुसरी, हिशेब चोख ठेवायचा. छगनबाप्पांचा त्यासाठी आग्रह असे. सुरुवातीला त्यांनी पापडांच्या दोन प्रती केल्या होत्या, एक चांगली आणि एक स्वस्तात विकायची. बाप्पांनी सांगितले, पापड एकाच प्रतीचा करा आणि त्यात कधी तडजोड करू नका. हा सल्ला ऐकायला सोपा, पण पाळायला महाग असतो. बिघडलेला पापड घरचे लोक मुकाट्याने खातात. गिऱ्हाईक खात नाही, आणि सांगतही नाही. दुसऱ्यांदा येत नाही, एवढेच.

पहिल्याच वर्षी पावसाने गाठले. पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम पावसाळ्यातही चालू राहिले. यात ना यंत्र, ना कोणाची मंजुरी. पावसाला दोष देऊन त्या बसल्या असत्या तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. १९६६ साली संस्था रीतसर नोंदली गेली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता व मदत मिळाली. म्हणजे सरकारी मदत आली ती सात वर्षे पापड विकून झाल्यावर. येथे बहुधा उलट चालते. आधी अर्ज, मग वाट पाहणे, मग कंटाळा. मध्यंतरी त्यांनी दुसरे काही उद्योगही करून पाहिले आणि काहींत अपयश घेतले. पापड मात्र सोडला नाही. आज लिज्जतच्या भगिनींची संख्या ४०,०००च्या वर आहे. पीठ भिजवून केंद्रातून मिळते, लाटणे घरी, आणि संस्थेत प्रत्येकजण मालकीण. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

गावात दुकाने का बुडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. भावकीला उधार, पाव्हण्याला उधार, आणि घरखर्च गल्ल्यातून. मागायला गेले तर संबंध बिघडतात, न मागावे तर माल आणायला पैसे नसतात. पोरगा नालायक ठरतो आणि पुन्हा मुंबईची गाडी धरतो. खरे तर दोष वहीचा असतो, ती नसण्याचा.

ज्या भगिनींना आमसुले, कुळथाचे पीठ किंवा फणसाचे पापड विकायचे असतील त्यांनी प्रथम एक वही आणावी. घरातून घेतलेले पैसे पहिल्या पानावर उसने म्हणून लिहावेत, नवऱ्याने दिलेले असले तरी. मुंबईला पाकिटे नेणाऱ्या चाकरमान्यांनी त्यांचे पैसे परतीच्या खेपेस आणून द्यावेत, आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतलेल्या पाकिटाचेही द्यावेत.